दुखायच्या आधी सापडलेली कीड

स्तर ४ – धडा ९

वाचण्याआधी

आरशासमोर तोंड उघडून उभे राहा. समोरचे पटाशीचे दात, त्यांच्या बाजूचे टोकदार सुळे आणि मागच्या दाढा ओळखा. आता दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, ती जागा शोधा. दिसत नाही ना? कीड बऱ्याचदा तिथेच लपते.

चला वाचू या

"आजी, माझी दाढ दुखतेय," असं व्हिडिओ कॉलवर सांगून बघा. आजी लगेच म्हणेल, "कीड लागली वाटतं!" मराठीत आपण 'दात किडला' म्हणतो. पण दातात खरंच किडा असतो का?

नाही! पूर्वी मात्र लोकांना तसंच वाटायचं. प्राचीन बॅबिलोनमध्ये आणि युरोपातसुद्धा दात पोखरणाऱ्या किड्याच्या गोष्टी सांगत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात ही समजूत नाकारली. किडा गेला, पण 'कीड' हा शब्द आपल्या भाषेत राहिला.

मग दात किडतो कसा? आपल्या तोंडात जिवाणू राहतात. आपण बिस्किट, चॉकलेट खाल्लं किंवा ज्यूस प्यायलो, की त्यातली साखर त्यांना मिळते. साखरेपासून ते आम्ल तयार करतात. दाताच्या बाहेरच्या थराला एनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरातला हा सगळ्यांत कठीण पदार्थ! पण आम्ल त्यातूनही कॅल्शियमसारखी खनिजं काढून घेतं. आपली लाळ ती खनिजं परत देते. ही रस्सीखेच दिवसभर चालू असते. तुम्ही सारखं गोड खात राहिलात, तर लाळेला वेळच मिळत नाही आणि आम्ल जिंकतं.

सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. अजून खड्डा पडलेला नसतो. दुखत तर अजिबात नाही, कारण एनॅमलमध्ये नसा नसतात. याच वेळी कीड सापडली, तर ती थांबवता येते. फ्लोराइडची टूथपेस्ट, दवाखान्यात लावतात ते फ्लोराइडचं वार्निश आणि गोड खाण्यावर लगाम, एवढ्यानेही दात पुन्हा बळकट होऊ शकतो. पण एकदा खड्डा पडला, की तो आपोआप भरत नाही. मग बहुतेक वेळा किडलेला भाग कोरून दात भरावा लागतो.

म्हणून 'दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला?' हे म्हणणं चुकीचं आहे. दात दुखू लागतो, तोपर्यंत कीड बहुधा आत खोलवर गेलेली असते.

डॉक्टर ही लपलेली कीड शोधतात कशी?

हवा आणि उजेड: डॉक्टर दातावर हवा मारून तो कोरडा करतात. कोरड्या दातावर पांढरा डाग लवकर दिसतो. पूर्वी टोकदार सळई दातावर दाबून बघत. आता जोरात दाबणं टाळतात, कारण मऊ झालेला भाग त्याने फुटू शकतो.

एक्स-रे: रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटं स्थिर बसावं लागलं! आज एका सेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि किरणंही खूप कमी वापरतात. छोटी पट्टी दातांत धरून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन दाढांमधली जागा दिसते. किडलेल्या भागात खनिजं कमी, म्हणून तो काळपट दिसतो.

दातातून जाणारा प्रकाश: दातावर तेज प्रकाश टाकला, की निरोगी भागातून तो आरपार जातो. किडलेल्या जागी सावली दिसते.

लेझर: लाल लेझर दातावर धरला, की किडलेला भाग जास्त चमकतो. ही चमक डोळ्यांना दिसत नाही. यंत्र ती मोजून आकडा दाखवतं. पण दातावर डाग किंवा कीटण असलं, तरी आकडा वाढू शकतो. म्हणून डॉक्टर एकट्या यंत्रावर विसंबत नाहीत. सगळं मिळून बघतात, मगच ठरवतात.

आणि हो, 'दुधाचे दात काय, पडणारच आहेत,' असं कुणी म्हणालं तर? त्यांना सांगा, की शेवटच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत टिकतात. नव्या दातांसाठी त्या जागा धरून ठेवतात. त्यांनाही जपायला हवं.

शब्दार्थ

पोखरणे – आतून कुरतडून पोकळ करणे
जिवाणू – डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म जीव
आम्ल – लिंबाच्या रसात असतो तसा आंबट पदार्थ
कीटण – दातांवर घट्ट बसलेला कडक थर
विसंबणे – पूर्ण भरवसा ठेवणे

उत्तरे लिहा

१. कीड लागायला सुरुवात झाली, तरी दात का दुखत नाही?
२. पांढरा डाग आणि खड्डा यांत काय फरक आहे?
३. दोन दाढांमधली कीड शोधायला एक्स-रे का लागतो?
४. लेझर यंत्राचा आकडा वाढला, म्हणजे दात किडलाच असं म्हणता येईल का? का?

जोड्या लावा

दातओठ खाणे – पुन्हा पुन्हा विनवणी करणे
दातांच्या कण्या करणे – निर्लज्जपणे हसणे
दात विचकणे – खूप चिडणे

करून पाहा

दातांच्या डॉक्टरांशी तुम्ही बहुतेक इंग्रजीत बोलता. पुढच्या भेटीत त्यांना विचारा, "माझ्या दातांवर कुठे पांढरा डाग आहे का?" त्यांनी काय तपासलं आणि काय सांगितलं, ते घरी आल्यावर आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगा. 'कीड' म्हणजे किडा नव्हे, हे सांगायला विसरू नका!