पैशासारखा पाण्याचाही ताळेबंद मांडूया

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण जमा किती, कर्ज किती, शिल्लक किती, सगळं वहीत लिहितो. पण उन्हाळ्यात ज्या पाण्यासाठी टँकरमागं हंडे घेऊन आपणच धावतो, त्याचा हिशोब कोण ठेवतं?

आधी जमा बघू. एक हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी. त्यातलं बरंचसं वाहून जातं, वाफ होतं. थोडंच विहिरीला मिळतं.

आता खर्च. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे २ कोटी लिटर लागतात. पाटानं पाणी दिलेला एक हेक्टर ऊस एकटाच जवळपास तेवढं पितो! हरभऱ्याचं त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागतं.

म्हणूनच शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पावसाळ्यानंतर विहिरींचं पाणी मोजतं आणि ग्रामसभेत पिकं ठरवतं. पिण्याचं पाणी आधी, शेतीचं नंतर.

यंदा रब्बीच्या पेरणीआधी गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी दोरीनं मोजा, वहीत लिहा. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ती वही वाचून दाखवा. शिल्लक बघूनच पेरायचं, हे तिथंच ठरवून घ्या.