औषधी पिकांची फेरपालट आणि मुळांचे सहचर कवक

द्रव्यग्रहणाचा विचार करताना आपण काल व प्रयोज्यांग यांकडे कटाक्षाने पाहतो; भूमीचा विचार मात्र मागे पडतो. वास्तविक सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय हा स्वतंत्र अध्याय आहे, आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण हे देशभेद सांगूनच द्रव्यसंग्रहाचा विधी येतो. अश्वगंधा आज मुख्यतः शेतातून येते. यास्तव त्या शेतात आधी कोणते पीक होते, हाही आता भूमिपरीक्षेचाच भाग मानावा लागेल.

बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी सूक्ष्म कवकांचे सहजीवन असते. १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी अशा सहजीवनास ‘मायकोरायझा’ ही संज्ञा दिली. कवकाचे तंतू मूलरोमांहून बारीक असल्याने मुळे पोहोचत नाहीत तेथून स्फुरद व जस्त आणतात. मोबदल्यात वनस्पती त्यास शर्करा व स्निग्धांश पुरविते. अश्वगंधा, शतावरी व हरिद्रा यांत आढळणारा आर्बस्क्युलर प्रकारचा कवक जिवंत मुळाविना वाढू शकत नाही. शेत दीर्घकाळ पडीक राहिले की त्याचे बळ घटते. वारंवार खोल नांगरणीने तंतुजाल तुटते, तर स्फुरदयुक्त खताच्या अतिरेकाने वनस्पतीच त्यास थारा देईनाशी होते.

फेरपालटीचे महत्त्व येथेच आहे. ज्वारी, मका, तूर, चवळी ही पिके या कवकाचे पोषण करतात. मोहरी, मुळा, कोबी यांचे कुल, तसेच राजगिरा व बीट यांचे कुल त्यास सहसा आश्रय देत नाही. मोहरीनंतर लगेच अश्वगंधा घेतल्यास कोवळ्या रोपास हा सहचर उशिरा लाभतो. याचा अर्थ मोहरी वर्ज्य असा नव्हे. मध्ये एखादे आश्रयदाते पीक घ्यावे, इतकेच.

आच्छादन पीक म्हणून ताग उपयुक्त आहे. पावसाच्या आरंभी पेरून सुमारे ४० ते ४५ दिवसांनी तो जमिनीत गाडावा, कुजण्यास दोन-तीन आठवडे द्यावेत व ऑगस्टच्या उत्तरार्धात अश्वगंधा पेरावी. ताग कवकास आश्रय देतो, नत्र वाढवितो आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा घालतो. अश्वगंधेस या कृमींचा विशेष उपद्रव होतो.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. मूळ पुष्ट झाले म्हणजे त्यातील विथॅनोलाइडचे प्रमाणही वाढलेच, असे समीकरण मांडता येत नाही. म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रयोगशाळेतील परीक्षण सोडू नये. मात्र त्याच्या जोडीला शेतकऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मागील दोन वर्षांत कोणती पिके घेतली, शेत किती काळ पडीक होते, आणि स्फुरद किती दिले? उत्तरांची नोंद प्रत्येक खरेदीच्या परीक्षण-अहवालास जोडावी. काही हंगामांनंतर कोणत्या शेतातील मूळ सातत्याने उत्तम उतरते हे त्या नोंदींवरूनच कळेल, आणि त्या शेतकऱ्यास योग्य दर देण्यास आपणांस आधार मिळेल.