सुरक्षिततेसाठी लोकसहभाग : भिवंडीचा धडा

कायदा व सुव्यवस्था राखणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तथापि, वस्तीत तेढ कोठे वाढत आहे, हे पोलिसांच्या आधी शेजाऱ्यांना कळते. ती माहिती वेळेवर पोलिसांपर्यंत पोहोचणे हे परस्परविश्वासावर अवलंबून असते. असा विश्वास कसा निर्माण करावा व तो सतत का जपावा लागतो, या दोन्ही गोष्टी ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या अनुभवातून शिकण्यासारख्या आहेत.

दोन दंगली

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार येथे दाटीवाटीने राहतात. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी येथे भीषण जातीय दंगल उसळली. भिवंडी, जळगाव व महाड येथील त्या वेळच्या दंगलींच्या चौकशीसाठी शासनाने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि त्या आगीची झळ ठाणे व मुंबईलाही लागली. अनेकांचे प्राण गेले, घरे व यंत्रमाग जळाले, हजारो मजुरांचा रोजगार बुडाला.

मोहल्ला समित्या

१९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे यांनी सूत्रे हाती घेतली. शांतता समितीची पद्धत तोवर रूढ होतीच. परंतु अशा समितीत बहुधा प्रतिष्ठित व पुढारी मंडळी असत आणि तिची बैठक सणाच्या तोंडावर किंवा तणाव निर्माण झाल्यावर भरत असे. खोपडे यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. शहराचे लहान भाग पाडून प्रत्येक भागात मोहल्ला समिती स्थापन करण्यात आली. तीत हिंदू व मुस्लिम या दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी घेण्यात आले आणि पोलीस कर्मचारी बैठकांना नियमितपणे उपस्थित राहू लागले.

या बैठकांत केवळ ऐक्याची भाषणे होत नसत. शेजाऱ्यांची भांडणे, किरकोळ तक्रारी, अफवा अशा दैनंदिन बाबी तेथे मांडल्या जात व शक्य तेथे जागच्या जागी मिटविल्या जात. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरणारा माणूस बोलू लागला. दोन्ही समाजांतील माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. अफवा पसरताच तिची शहानिशा कोणाकडे करावी, हे प्रत्येकाला ठाऊक झाले.

कसोटीचा काळ

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत उसळलेल्या दंगलींत, डिसेंबर व जानेवारी मिळून, सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांची त्यापूर्वीच बदली झाली होती. त्यांच्यानंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे कार्य पुढे चालविले. अधिकारी बदलला तरी व्यवस्था टिकली, हे या प्रयोगाचे मोठे यश होय.

परंतु असे यश कायमचे मिळत नसते. जुलै २००६ मध्ये याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद चिघळला. पोलीस गोळीबारात दोन जणांचा मृत्यू झाला आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा बळी घेतला. जागेचा वाद हा वास्तविक मोहल्ल्यातील बैठकीत, वेळ असतानाच, बोलून सोडविण्याचा विषय. संवाद आटला की किती लहान ठिणगी पुरेशी होते, हे यावरून दिसते.

गावांसाठी बोध

राज्य शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, समितीने तंटे सामोपचाराने मिटवावेत व पुढील तंटे टाळावेत, अशी तिची योजना होती. यशस्वी गावांसाठी रोख पुरस्कारही ठेवण्यात आले. भिवंडीचा अनुभव अशा प्रत्येक समितीला लागू पडतो. तंटा उभा राहिल्यावर धावणाऱ्या समितीपेक्षा शांततेच्या काळात नियमित बसणारी समिती अधिक उपयोगी ठरते. बांध, पाणी, वाट यांचे वाद कोवळे असतानाच ऐकून घेतले, तर त्यांचे रूपांतर फौजदारी गुन्ह्यात होण्याचे टळते.

मात्र मिटविलेल्या तंट्यांची संख्या हेच ध्येय मानणे घातक आहे. कायद्याने ज्यांत तडजोडीस मुभा आहे, अशाच गुन्ह्यांत समेट करता येतो. बलात्कार, दलित व आदिवासींवरील अत्याचार यांसारख्या गुन्ह्यांत तडजोडीसाठी दबाव आणणे हा पीडितावर दुसरा अन्याय होय. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. तिला दंड ठोठावता येत नाही. सामाजिक बहिष्कार घालणे तर महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमानुसार गुन्हाच आहे.

येथे प्रत्येकाची जबाबदारी स्पष्ट आहे. पोलीस पाटलाने गावातील बदलत्या वातावरणाची माहिती पोलिसांना वेळीच द्यावी. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास शिक्षकाने ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेथे शाळेच्या नावलौकिकाचा विचार आड येता कामा नये. पंचायत सदस्यांनी समितीत महिला, भूमिहीन व अल्पसंख्य कुटुंबांना केवळ नावापुरते नव्हे, तर बोलण्यासाठी स्थान द्यावे. ज्याला गावात कोणी विचारत नाही, त्याची तक्रार ऐकली जाते की नाही, यावरूनच समितीची खरी परीक्षा होते.

काही अनुचित घडले नाही, तर समितीच्या कामाची बातमी होत नाही. म्हणूनच वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अहवाल पाहताना एक साधा प्रश्न विचारावा : गेल्या शांत महिन्यात समितीची बैठक झाली होती काय? संकटाच्या रात्री उपयोगी पडणारा विश्वास अशाच महिन्यांत साठत असतो.