आहारशास्त्राची पदवी : प्रवेश घेण्याआधी एवढे तपासा

बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या आया विचारतात, "सिस्टर, पोरीला नर्सिंगला घालू का?" नर्सिंग चांगलेच आहे. पण दवाखान्यात आणखी एक काम असते, त्याकडे आपल्या मुली फारशा वळत नाहीत. ते म्हणजे आहारतज्ज्ञाचे. साखरेच्या, किडनीच्या, टीबीच्या पेशंटने काय आणि किती खायचे हे ठरवण्याचे काम. त्यासाठी पोषण व आहारशास्त्राचे शिक्षण लागते.

आपल्या घरातून कुणी इकडे जावे, असे का म्हणते? पेशंटच्या हातात डाएटचा कागद पडतो. त्यावर पनीर, बदाम लिहिलेले असते. विडी वळणाऱ्या बाईला ते परवडत नाही. कागद उशाखाली जातो आणि साखर वाढतच राहते. ज्वारीची भाकरी, हुलगा, अंडे, कलेजी, सुकट यांतून ताकद कशी भरून काढायची आणि किडनीच्या पेशंटने त्यातले काय कमी करायचे, हे आपल्या चुलीपुढे वाढलेल्या मुलीला चांगले सांगता येईल. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली. त्याला शास्त्राची जोड आपल्याच मुलामुलींनी द्यायला हवी.

आता प्रवेश घेताना काय बघायचे?

१) मान्यता : पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे आधी विचारा. 'सहा महिन्यांत डाएटिशियन' अशा पाट्यांना भुलून पैसे भरू नका. इग्नूचे पोषणाचे प्रमाणपत्र आशाताई, अंगणवाडीताईंना ज्ञान वाढवायला चांगले आहे, पण तेवढ्यावर दवाखान्यात आहारतज्ज्ञ होता येत नाही.

२) विषय : बी.ए.ला गृहविज्ञान हा एक विषय घेणे वेगळे आणि पोषण-आहारशास्त्रात बी.एस्सी. करणे वेगळे. बऱ्याच ठिकाणी बारावी सायन्स लागते. कॉमर्स, आर्ट्सच्या मुलींनी अर्ज भरण्याआधी नियम वाचावा. अन्नाचे रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र शिकवले जाते का, लॅब आहे का, हे स्वतः जाऊन बघा.

३) दवाखान्याचा अनुभव : इंटर्नशिप कोणत्या दवाखान्यात होते, किती महिने, हे लेखी माहितीपत्रकात बघा. वॉर्डात न फिरता आहारतज्ज्ञ होत नाही.

४) पुढची पायरी : दवाखान्यातल्या चांगल्या जागेसाठी नुसती बी.एस्सी. सहसा पुरत नाही. एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका, इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, म्हणजे 'रजिस्टर्ड डाएटिशियन'. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेच्या यादीत घेतले आहे. म्हणून खऱ्या पदवीला पुढे मोल येईल. घरच्यांनी तीन नव्हे, पाच-सहा वर्षांचा हिशोब धरावा.

५) कुठे : सोलापूरहून पुणे जवळ. तिथे आणि मुंबईला जुहूत एसएनडीटी महिला विद्यापीठाची गृहविज्ञान महाविद्यालये आहेत. मुंबईत निर्मला निकेतनही आहे. एम.एस्सी.साठी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही लक्षात ठेवा.

६) खर्च : महाडीबीटीवर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. त्यासाठी घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा लागतो. १९९० पासून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत.

नोकरीबद्दल खरे सांगते. सरकारी जागा थोड्या, त्यातही पुष्कळशा कंत्राटी. पण खासगी दवाखाने, पोषण पुनर्वसन केंद्रे, वसतिगृहांचे भोजनगृह, शाळा, संस्था असे मार्ग आहेत. कॉलेजात गेलात की शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारा, मागच्या वर्षीच्या मुली आज काय करतात. फी भरायची की नाही, हे त्यांच्या उत्तरावरून ठरवा.