घोड्याचं वेड, हातात मोबाइल

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. घोड्यांचं वेड आहे, पण ते मोबाइलवरच. घोडेस्वारीचा क्लास परवडणारा नाही. काय करावं?
– एक आई, मुखेड

उत्तर : क्लासचं राहू द्या. तुमच्याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजारही. त्याला सकाळीच न्या, गर्दी वाढायच्या आत. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून मागून कधीच जायचं नाही. मालकाला विचारून, बोलत बोलत, खांद्याच्या बाजूनं जवळ जावं. घोड्यानं कान मागे पाडले की तिथंच थांबायचं. चारा द्यायचा तर तळहात सपाट, बोटं जुळलेली.

स्वारीची घाई नको. खरारा, दाणापाणी, लगाम बघण्यातच त्याचा वेळ जाईल. घोडेवाल्यांना प्रश्न त्यालाच विचारू द्या, मध्येच तुम्ही उत्तरं देऊ नका.

येताना प्लास्टिकचा घोडा घेऊ नका (माझा हट्टच समजा). पोळ्याच्या बैलांसाठी मळतो तशी माती मळून द्या, गल्लीतली पोरं बोलवा आणि अंगणात त्यांचा बाजार भरू द्या. भाव तेच ठरवतील. तेवढा वेळ तुमचाही मोबाइल बाजूला ठेवा.