जुने औषध, नवे काम आणि चिकित्सा

फणसवाडीत अलीकडे वजन उतरवणाऱ्या गोळ्यांची चर्चा वारंवार कानी येते. ‘मधुमेहाची जुनीच गोळी, अपाय कसला?’ असे म्हणून काही जण ती परस्पर घेतात. मी इतिहासाचा शिक्षक. म्हणून आधी इतिहासाकडे वळतो.

सर्पगंधा ही वनस्पती निद्रानाश व मनोविकारांवर पूर्वापार वापरात होती. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या व १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या औषधाला नवे काम मिळाले. पुढे तिच्यातील रेसर्पिन जगभर वापरले गेले, तेव्हा काही रुग्णांना नैराश्य येते असेही आढळले. औषध जुने असले म्हणजे निर्धोक असतेच असे नाही.

लठ्ठपणाबाबतही असाच शोध चालू आहे. पेशीतील आंतर्द्रव्यजालिका प्रथिनांना योग्य घडी घालते. अतिपोषणाने तिच्यावर बोजा पडतो, घडी न बसलेली प्रथिने साचतात; हाच पेशीचा ताण. मग इन्सुलिनचा आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा संदेश पेशींना नीट उमगत नाही. तेव्हा लठ्ठ मुलाला ‘आळशी’ म्हणून हिणवणे अज्ञानाचे व अन्यायाचेही आहे.

हा ताण हलका करणारी दोन जुनी औषधे संशोधकांनी २००६ मध्ये लठ्ठ उंदरांना दिली. एक, रक्तात अमोनिया साचण्याच्या जन्मजात विकारावरील फिनाइलब्युटिरेट. दुसरे, यकृतविकारावरील टुडका. उंदरांची रक्तशर्करा उतरली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लठ्ठ स्त्रीपुरुषांवरील चार आठवड्यांच्या छोट्या चाचणीत टुडकाने यकृत व स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला. मात्र स्नायूंत वा मेदात ताण घटल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. उंदरात दिसले ते माणसात तसेच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही.

राहिली मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन. ती पेशींच्या ताणाशी निगडित जीडीएफ-१५ हे संप्रेरक वाढवते व त्यामुळे भूक मंदावते, असे २०२० मधील संशोधन सांगते. वजन घटते, पण थोडेच. आणि मूत्रपिंड दुर्बल असल्यास ती घातक ठरू शकते.

स्वस्त, जुन्या औषधांतून उपाय सापडला, तर त्याचा सर्वाधिक लाभ गरिबांना होईल; म्हणूनच या संशोधनाचे मोल मोठे आहे. मात्र मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे उपचार आणि पारखही. पारखेविना उपचार नको. गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि मुलांनाही ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी.