सिल्व्हर ओक लावताय? आधी जमीन बघा



पावसाळा तोंडावर आला की सिल्व्हर ओकच्या रोपांची विचारणा सुरू होते. बांधाला, शाळेच्या आवारात, देवळाच्या बागेत, सगळीकडे तेच हवं असतं. झाड देखणं आहेच. सरळ वाढतं, पान वरून हिरवं, खालून चंदेरी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नारिंगी-पिवळी फुलं येतात, मधमाश्या भरपूर येतात. नाव ओक, पण हा खरा ओक नव्हे. मूळचं ऑस्ट्रेलियाचं, आपल्या देशात चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलं गेलं.

आता जमीन. जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूची मुरमाड, तांबडी, निचऱ्याची जमीन याला मानवते. वारणाकाठच्या काळ्या रानात, जिथं पावसात पाणी हटत नाही, तिथं लावू नका. मुळं गुदमरतात आणि रोप पिवळं पडून जातं.

खड्डा दीड-दोन फुटांचा. वरची माती आणि एक पाटी कुजलेलं शेणखत, बस्स. *डीएपी किंवा सुपर फॉस्फेट टाकू नका.* उसाच्या सवयीनं हात तिकडं जातो, पण या झाडाची मुळं जमिनीतलं स्फुरद स्वतःच ओढून घेतात, जादा दिलं तर अपाय होतो. पिशवी फाडून काढा, काठीचा आधार द्या, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. बागेत दोन झाडांत १५ ते २० फूट, वाऱ्याला आडोसा म्हणून बांधावर १० फूट पुरे.

बांध निवडताना सावलीचा विचार करा. थंडीत सावली उत्तरेला लांब पडते. उत्तरेच्या बांधावर लावलं तर तुमचा ऊस वाचतो, पण सावली शेजाऱ्याच्या रानात जाते. आधी त्याच्याशी बोला, नाहीतर दहा वर्षांनी भांडण ठरलेलं.

दुसरं, फांद्या ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात मोडतात. घर, गोठा, विजेची तार, पोरांचं खेळायचं मैदान यांच्याजवळ नकोच. शाळेसाठी माझं मत विचाराल तर ताम्हण लावा. आपल्या राज्याचं फूल आहे, जांभळा बहर येतो आणि ओलसर जमीनही चालते.

रोपं आणण्याआधी एक करा. दोन फूट खड्डा खणून पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभंच दिसलं तर तिथं सिल्व्हर ओक नको. शंका असेल तर खड्ड्याचा फोटो ग्रुपवर टाका.